निकोल्सन कोसळला, की त्याने दांडा दाबला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. आणि आधीच सांगून टाकते, आज एका चित्रपटाचा शेवट फोडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. ज्यांनी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबा, आधी तो बघा, मग या. पावणेतीन तासांच्या आसपासचा आहे, पण एकदा बसलात की उठणार नाही.

तर प्रश्न साधा आहे आणि 1957 पासून लोक त्यावर वाद घालतायत. शेवटी कर्नल निकोल्सन स्फोट घडवणाऱ्या पेटीच्या दांड्यावर पडतो, पूल उडतो, आगगाडी नदीत कोसळते. हे त्याने मुद्दाम केलं, की जखमी माणूस पडला आणि नेमका त्या दांड्यावर पडला?

आधी गोष्ट थोडक्यात. दुसरं महायुद्ध, 1943. सयाम आणि ब्रह्मदेश जोडणारा लोहमार्ग जपानी लष्कर बांधतंय आणि वाटेत एक नदी आहे. कामाला ब्रिटिश युद्धकैदी. छावणीचा प्रमुख कर्नल साइतो म्हणतो, अधिकाऱ्यांनीही अंगमेहनत करायची. निकोल्सन म्हणतो, नाही, जिनिव्हा करारात बसत नाही. खिशातून कराराची प्रतच काढून दाखवतो. साइतो तेच पुस्तक त्याच्या तोंडावर मारतो. मग उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या खुराड्यात निकोल्सनला डांबतात. तो मोडत नाही. शेवटी माघार साइतोच घेतो, कारण पूल ठरल्या तारखेला झाला नाही तर त्याला स्वतःचा जीव द्यावा लागणार असतो.

इथपर्यंत आपण सगळे निकोल्सनच्या बाजूने असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी माणसं आपल्याला आवडतातच. पण बाहेर आल्यावर तो काय करतो? बघतो, की आपली माणसं पाट्या टाकतायत. मुद्दाम वाईट काम करतायत. खरं तर शत्रूचा पूल आहे, तो वाईटच व्हायला हवा. पण निकोल्सनला दिसतं ते वेगळंच. त्याला दिसते शिस्त गेलेली पलटण. रिकामं डोकं आणि ढिले हात म्हणजे सैनिकाचा अंत, असं त्याचं मत. म्हणून तो ठरवतो की पूल बांधायचा आणि असा बांधायचा की जपान्यांनी तोंडात बोट घालावं. जागा चुकली म्हणून जागा बदलतो. स्वतःचे इंजिनिअर कामाला लावतो. एक अधिकारी सांगतो की इथलं लाकूड एल्मसारखं आहे आणि लंडन ब्रिजचे एल्मचे खांब 600 वर्षं टिकले होते. तो आकडा ऐकून निकोल्सनच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते परत बघा. सहाशे वर्षं! शत्रूसाठी बांधतोय हे त्याच क्षणी त्याच्या डोक्यातून गेलं, असं मला वाटतं.

इथे एक आठवण सांगते. माझे वडील आयुष्यभर बांधकामाच्या नोकरीत होते. हा चित्रपट आम्ही घरी टीव्हीवर पाहिला तेव्हा शेवटी पूल उडाल्यावर त्यांच्या तोंडून ‘अरेरे’ निघालं. माणसांसाठी नव्हे, पुलासाठी. ‘काय सुरेख ट्रेसल काम होतं,’ म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं. पण दिग्दर्शक डेव्हिड लीनला हेच हवं होतं, याबद्दल आता मला शंका नाही. श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, कितुलगला इथे खरा पूल बांधला, महिनोन्‌महिने खपून. आणि खरी आगगाडी त्यावर घालून तो खरंच उडवला. तो पूल आपल्याला आवडला नाही तर निकोल्सनचा गुन्हा आपल्याला कळणारच नाही. आपण फक्त त्याला मूर्ख म्हणू आणि मोकळे होऊ.

आता शेवटाकडे. नीट, एकेक गोष्ट बघत जाऊ, कारण या वादातले बरेचजण क्रम विसरतात.

रात्री ब्रिटिश कमांडो तुकडीने पुलाच्या खांबांना पाण्याखाली स्फोटकं बांधलीत आणि तार नदीकाठाने नेऊन ठेवलीय. एका काठाला पेटीजवळ जॉयस नावाचा कोवळा पोरगा लपलाय. पलीकडच्या काठाला शिअर्स, हा अमेरिकन, याच छावणीतून पळालेला आणि पुन्हा याच नरकात पाठवलेला. वर टेकडीवर वॉर्डन, तोफगोळे फेकणारी मॉर्टर घेऊन. सकाळ होते आणि घात होतो: नदीचं पाणी उतरलंय. तार उघडी पडलीय.

पुलावरून शेवटची फेरी मारणाऱ्या निकोल्सनला ती दिसते. तो साइतोला घेऊन खाली उतरतो, वाळूतून तार उपसत उपसत जॉयसच्या दिशेने येतो. जॉयस बाहेर झेपावतो, साइतोला सुऱ्याने मारतो आणि निकोल्सनला सांगतो की मी ब्रिटिश अधिकारी आहे, पूल उडवायला आलोय. निकोल्सन काय करतो? मदतीसाठी ओरडतो. जपान्यांना हाक मारतो! आणि जॉयसला धरून ठेवतो. जॉयस गोळी लागून मरतो. शिअर्स नदी पोहून येतो, त्यालाही गोळ्या लागतात, तरी तो निकोल्सनपर्यंत पोचतो आणि त्याच्यासमोर पडतो. दोघं एकमेकांना ओळखतात. मग निकोल्सनच्या तोंडून तो उद्गार येतो: मी हे काय केलं?

त्यानंतर वॉर्डनचा गोळा जवळ फुटतो. निकोल्सन जखमी होतो, उठतो, अडखळत पेटीकडे जातो, डोळे वर आभाळाकडे फिरतात, आणि तो दांड्यावर कोसळतो.

क्रम लक्षात आला? उद्गार आधी, गोळा नंतर. म्हणजे समजणं पूर्ण शुद्धीत झालेलं आहे. ‘तो बिचारा भानावर नव्हता, काही कळतच नव्हतं’ हा युक्तिवाद इथेच संपतो. आणि जखमी झाल्यावर तो कुठेही गेला असता. पाण्याकडे, झाडीकडे, शिअर्सकडे. तो पेटीकडे जातो. दिशेला अर्थ आहे.

पण मग ‘मुद्दाम केलं, प्रायश्चित्त घेतलं’ म्हणणाऱ्यांचं बरोबर का? त्यांनाही माझा एक प्रश्न आहे. याच चित्रपटात निकोल्सनची आणखी एक चाल आपण पाहिलेली आहे. खुराड्यातून पहिल्यांदा बाहेर काढून त्याला साइतोकडे नेतात ती. पायात त्राण नाही, तोल जातोय, पण माणूस ताठ चालतो. ॲलेक गिनेसने ती चाल स्वतःच्या मुलावरून उचलली होती. मुलगा पोलिओतून उठल्यावर जसा चालायचा, तसा. म्हणजे या माणसाची इच्छाशक्ती त्याचं मोडलेलं शरीर कशी ओढून नेते, ते लीनने आपल्याला आधीच दाखवून ठेवलंय. शेवटच्या चालीत ते दिसत नाही. नजर पेटीवर नाही. हात दांड्याकडे जात नाही. तो दांडा दाबत नाही, त्याच्यावर पडतो. ज्या दिग्दर्शकाला आपल्या नायकाने दांडा दाबलेला दाखवायचा असतो, तो हाताचा क्लोजअप घेतो. लीनला क्लोजअप घेता येत नव्हता असं कोणी म्हणणार नाही.

माझं वाचन असं: निघाला तो ठरवून, पडला तो मरताना. पुढचं काम शरीराने केलं की मनाने, याचा निकाल चित्रपट देत नाही आणि तो मुद्दाम देत नाही. दिला असता तर आपण निकोल्सनला माफ करून टाकलं असतं. ‘चुकला, पण शेवटी सुधारला’ हे फार सोयीचं वाक्य आहे.

आणि खरं सांगू का, या दांड्याच्या वादात आपण भलत्याच क्षणाकडे बघत बसतो. निकोल्सनची शेवटची निवड दांड्याजवळ झालीच नाही. ती काही मिनिटं आधी झाली, पुलावर, तार दिसली तेव्हा.

विचार करा. शत्रूच्या पुलाखाली तार दिसते. कुठल्याही सैनिकाला, अगदी आत्ताच भरती झालेल्याला, ती कसली असणार हे कळायला किती वेळ लागेल? आणि कोणी लावली असणार? आपल्याच कोणीतरी. त्या क्षणी निकोल्सनपुढे एक अगदी सोपा मार्ग होता: काहीच न करणं. ना ओरडायचं, ना लढायचं, ना जीव द्यायचा. नुसती नजर वळवायची आणि पुलाच्या पलीकडे चालत जायचं. युद्धात देशासाठी एवढं स्वस्तात काही करायची संधी क्वचित कोणाला मिळाली असेल. त्याऐवजी तो साइतोला बोलावतो. घाबरून नाही, धाकाखाली नाही. शांतपणे, आपल्या बरोबरीच्या सहकाऱ्याला बोलवावं तसं. जखमी नव्हता, गोंधळलेला नव्हता, डोळे आभाळाकडे फिरलेले नव्हते. पूर्ण शुद्धीतली, पूर्ण मोकळी निवड.

पण तिथेही मला थांबवत नाही. ती निवड त्या सकाळी झाली असंही म्हणता येत नाही. मागे जा. ज्या माणसाने अधिकाऱ्यांनी अंगमेहनत करू नये म्हणून मरण पत्करायची तयारी ठेवली होती, तोच माणूस पूल वेळेत व्हावा म्हणून आपल्या अधिकाऱ्यांना स्वतःहून कामाला जुंपतो. साइतोने मागितलेलंही नसतं. नंतर तो छावणीच्या इस्पितळात जातो आणि आजारी माणसांना हलक्या कामासाठी उठवतो. आवाज न चढवता, प्रेमाने. लंगडत, खोकत ते त्याच्या मागून निघतात. मला या चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग हाच वाटतो, स्फोटापेक्षा भयंकर. साइतोने आजाऱ्यांना बाहेर काढण्याची धमकी दिली होती तेव्हा आपण त्याला राक्षस म्हणालो होतो.

डॉक्टर क्लिप्टन त्याला एकदा सरळ विचारतो, की आपण करतोय त्याला फितुरी म्हणता येईल का. निकोल्सनला राग येत नाही. तो उलट विचारतो, तुझ्यापुढे साइतो शस्त्रक्रियेसाठी आला तर तू नीट करशील, की मरू देशील? बिनतोड वाटतं ना? क्षणभर मलाही वाटलं होतं. पण डॉक्टरचं काम माणूस वाचवणं आहे, मग माणूस कोणीही असो. सैनिकाचं काम पूल बांधणं नाही. त्याने स्वतःच्या कामाच्या जागी दुसरं काम ठेवलं आणि नाव तेच राहू दिलं: कर्तव्य.

का ठेवलं? त्याचं उत्तर आदल्या संध्याकाळच्या प्रसंगात आहे. सूर्य मावळतोय, पूल पुरा झालाय, निकोल्सन आणि साइतो कठड्याशी उभे आहेत. निकोल्सन बोलतो, जणू स्वतःशीच. सैन्यात 28 वर्षं झाली, त्यात घरी दहा महिनेही राहिलो नसेन. मग असं काहीसं, की आयुष्याचा शेवट जवळ आला की माणूस हिशोब करतो, आपल्या असण्याने काही फरक पडला का. बोलता बोलता हातातली छडी निसटून नदीत पडते. तो नुसता ‘अरे’ करतो. सेनाधिकाऱ्याची छडी पाण्यात गेली आणि त्याला फारसं काही वाटत नाही, कारण फरक पडल्याचा पुरावा आता त्याच्या पायाखाली उभा असतो. त्यावर त्याने पाटीसुद्धा लावलेली आहे, ब्रिटिश सैनिकांनी हा पूल बांधला अशी, स्वतःच्या नावासकट.

त्याच रात्री साइतो खोलीत एकटा बसून आत्महत्येची तयारी करताना दिसतो. पूल वेळेत झालाय, तरी. कारण तो त्याने बांधलेला नाही. दोघांपैकी एकाला तरी कळलेलं होतं की हा पूल कोणाचा आहे.

म्हणून ‘मी हे काय केलं?’ हा प्रश्न एका सकाळीबद्दलचा नाही. तो प्रश्न त्याला जॉयसच्या प्रेताकडे बघून पडत नाही, हे लक्षात घ्या. तो शिअर्सला बघून पडतो. ओळखीचा चेहरा. छावणीत ज्याने निकोल्सनला सांगितलं होतं की इथे तुझे कायदेकानू चालत नाहीत, इथे संस्कृतीच नाही. जो पळाला होता. आणि हा पळालेला, खोटा अधिकारी बनून वावरलेला, जिवाला जपणारा माणूस स्वतःहून नदी पोहून परत येतो, मरायला. शिअर्सचा पीळ कधी नव्हताच, पण शेवटी तोच नेमकं ओळखतो की आता काय करायला हवं. निकोल्सनने त्याच्यात स्वतःचं उलटं प्रतिबिंब बघितलं असावं. असावं म्हणतेय, कारण गिनेसचा चेहरा याहून जास्त काही कबूल करत नाही. लीन आणि गिनेस यांचे या भूमिकेवरून सेटवर खटके उडाले होते, हे प्रसिद्ध आहे. मला वाटतं ती ओढाताण पडद्यावर उतरलीय आणि बरंच झालं.

मूळ कादंबरीत हा क्षणच नाही. पिअर बूल या फ्रेंच लेखकाची ती कादंबरी 1952 ची. तिच्यात निकोल्सनला काहीही उमगत नाही आणि पूल तसाच उभा राहतो. बूल युद्धकाळात इंडोचायनात शत्रूशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंचांच्याच कैदेत होता, आणि निकोल्सन त्याला तसल्या अधिकाऱ्यांवरून सुचला. त्यामुळे दया दाखवायला तो तयार नव्हता. चित्रपटाची पटकथा लिहिली मायकेल विल्सन आणि कार्ल फोरमन यांनी. हे दोघेही कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलीवूडच्या काळ्या यादीत होते, म्हणून पडद्यावर नाव बूलचं लागलं. पटकथेचं ऑस्करही त्यालाच गेलं, ज्याने ती लिहिलीच नव्हती! खऱ्या लेखकांना ते 1980च्या दशकात मिळालं, दोघेही वारल्यानंतर. देशद्रोही ठरवलेल्या माणसांनी ही गोष्ट लिहिली आणि देशद्रोह कशाला म्हणायचं हा प्रश्न तिच्यात मधोमध ठेवला. योगायोग म्हणा हवं तर.

आता थोडं खऱ्या लोहमार्गाबद्दल, कारण ते न सांगता हा भाग संपवला तर मला चैन पडणार नाही. बान पोंग ते थनब्युझायात, साधारण 415 किलोमीटर. 60 हजारांहून जास्त दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी त्यावर राबले, 12 हजारांवर मेले. आशियाई मजूर याच्या कितीतरी पट, आणि त्यांच्या मृत्यूंचे अंदाज 90 हजारांच्या घरात जातात. त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांच्या नावाची पाटी कुठल्या पुलावर लागली नाही, आणि चित्रपटातही ते जवळजवळ दिसत नाहीत. हा चित्रपटाचा दोष आहे, मी तो माफ करत नाही. पण निकोल्सनकडे बघताना तो आकडा डोक्यात ठेवा. तो ज्याला ‘आपल्या माणसांचं मनोधैर्य’ म्हणत होता, त्या पुलावरून जाणारी गाडी या मार्गाची होती.

खऱ्या पुलावरचा ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी होता लेफ्टनंट कर्नल फिलिप टूझी. तो निकोल्सन नव्हता, आणि वाचलेले कैदी हे पुढे आयुष्यभर पोटतिडकीने सांगत राहिले. जपानी इंजिनिअरना काही येत नव्हतं हेही खरं नाही, त्यांना उत्तम येत होतं. टूझीला उघड नकार देता येत नव्हता, नकार म्हणजे माणसांचे हाल. म्हणून त्याने जमेल तेवढी माणसं जगवली आणि जमेल तेवढं काम बिघडवलं. काँक्रीट कच्चं कालवलं जायचं. लाकडी पुलासाठी तर कैद्यांनी वाळवी गोळा करून खांबांवर सोडली.

वाळवी! निकोल्सनला हे सांगितलं असतं तर त्याने त्या माणसांना शिक्षाच केली असती.

म्हणून शेवटच्या प्रसंगातल्या त्या दांड्याबद्दल कोणी विचारलं की मी हल्ली उलट विचारते: तार दिसल्यावर तो क्षणभर थांबतो, ते पाहिलंत का? साइतोला हाक मारण्याआधी. पुढच्या वेळी बघाल तेव्हा तिथे रिमोटवर बोट ठेवा आणि त्याचा चेहरा बघा. तिथे तुम्हाला शंका दिसली, तर मला कळवा. मला तिथे फक्त एक मालक दिसतो, ज्याच्या घरात कोणीतरी शिरलंय.